आबांनी तपासलेली बॅटरी

आबांचा एकही सदरा धड नव्हता. अ‍ॅसिडचे थेंब उडून पोटापाशी नुसती चाळण. "नवा सदरा कसाले? बॅटरीले काय दाखाडनं शे?" म्हणायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्याजवळच्या एका कारखान्यात पाहुण्यांना फिरवायला बॅटरीवरची उघडी गाडी होती. सीटखाली सहा बॅटऱ्या. चार्जिंगची खोली आबांची, किल्ली त्यांच्याच करगोट्याला. मी हाताखाली, टेंपरवारी. पुढच्या महिन्यात कायम होणार होतो. घरी आईने पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.

काचेची नळी बॅटरीच्या एकेका घरात, म्हणजे सेलमध्ये, बुडवायची, पाणी ओढायचं, आतला काटा किती तरंगतो ते बघायचं, काटा वर म्हणजे बॅटरी भरलेली, हे त्यांनीच शिकवलं. एक गोष्ट मात्र दरडावून सांगत, "कमजोर घरमा अ‍ॅसिड नको टाकू भो. काटा वर येई, पन बॅटरी मरी जाई!" आकडे रजिस्टरात मी लिहायचे आणि सहीही मीच करायची. "मन्हं अक्षर म्हनजे कोंबडीना पाय. तुन्हं चांगलं शे." मला काय, कौतुकच वाटायचं.

मुंबईहून मोठे साहेब यायचे होते त्या सकाळी मी पोचलो, तर आबांचं सगळं आटोपलेलं. "बठ्ठ्या, सहाच्या सहा तपासल्यात. आकडा सांगस, तू सही कर." आबांनी बघितल्यावर मी पुन्हा नळी घालायची? त्यांचा अपमान झाला असता. केली सही.

बॉयलरच्या चढावर गाडी साहेबांसकट बंद पडली. इंजिनिअरने तिथेच नळी घातली. एका बॅटरीचा काटा झक्क वर, पण तिच्यावर लोड टाकून बघितला तर ती ठार मेलेली. "अ‍ॅसिड कोणी ओतलं?" त्यांनी रजिस्टर मागवून उघडलं. सही माझी. मी आबांकडे बघितलं. आबा फडक्याने नळी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, मानूस नवा शे. चुकना व्हई."

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. आईने पेढेवाल्याला नको म्हणून कळवलं. काय वाटलं असेल हो तिला! 

पुढे जळगावात मी स्वतःचं चार्जिंगचं दुकान टाकलं. सात-आठ वर्षांनी आबा भाच्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले. थकले होते. "चांगली शे भो, फक्त चार्ज कर." मी त्यांच्यासमोर सहाही घरांत नळी घातली. सगळी घरं सारखी, पाणी बरोबर रेषेवर. माणूस बॅटरी इतकी जपतो, मग मी काय वाईट केलं होतं त्याचं?

आकडे लिहिले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. "आबा, या वेळी सही तुम्ही करा."

आबांनी सदऱ्याला हात पुसून पेन घेतलं. मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं. अक्षर असं गोल, टपोरं, माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर.