लोसालिने आणि दारातला भाऊ

लोसालिनेला आळशी म्हणणारी सगळी तोंडं मला पाठ आहेत. त्यातली निम्मी माझ्या सासरची, म्हणजे दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्याच शेजारी बसायचं. आता तीच तोंडं म्हणतात, देवानं वाचवलं गं पोरीला. वाचवलं असेल देवानं. पण त्याच्या वाटेत कोण कोण आडवं पडलं होतं, ते पण सांगा की.

लोसालिने माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, लिसिआतेची, धाकटी बहीण. मी लग्न होऊन टोंगातल्या वावाउच्या या बेटावर आले तेव्हा विणकामाच्या घरात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आम्ही बायका चटईला ओळीनं बसतो, प्रत्येकीचा आपापला पट्टा, आणि हिचा पट्टा कायम सगळ्यांच्या पुढे. वर पाद्रीबुवांच्या खोकल्याची नक्कल करून आम्हाला हसवायची, म्हणजे आमचा हात आणखी मागे पडायचा.

मग पंचविशीच्या आसपास ती मागे पडायला लागली. केवड्याची पाती हातात धरून तशीच बसून राहायची. उठताना भिंत धरायची. दोनदा तर चटईवरच कोसळली. अंगावरचे कपडे ढगळ झाले. सावलीत बसून विणणारी बाई, पण बोटांची पेरं, हाताच्या रेषा, हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या. आणि मिठाचं तर काय सांगू. पिंपातलं खारं मांस उकडलं की आपण पाणी फेकतो, ही ते वाटीत घेऊन प्यायची.

यावर आमच्या घरातल्या शहाण्यांनी काय निदान करावं? आळस. सगळ्यात मोठ्यानं म्हणाल्या त्या पिसिला आत्याबाई. बापाची बहीण म्हणजे आमच्या टोंगात घरातलं सगळ्यात मानाचं माणूस. तिच्या शब्दापुढे माझ्या सासऱ्यांचीही मान खाली, मग सुनेला विचारतं कोण. आत्याबाई म्हणाल्या, "काम नको म्हणून पडून राहते, आणि उन्हात कुणाच्या मागे हिंडते ते तिलाच ठाऊक." ओळीतल्या बायका खुदकन हसल्या. लोसालिने खाली मान घालून पाती ओढत राहिली, आणि माझं डोकं फिरलं. तिला होडीत घालून मी मोठ्या बेटावरच्या नेइआफूच्या दवाखान्यात नेलं. होडी लिसिआते चालवत होता. तो पुढे तोंड करून, ती मागे, मधे मी. तसंच असतं आमच्याकडे. भाऊ बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्या अंगाला हात लावत नाही, तिच्यासमोर अंगाविषयी अवाक्षर काढत नाही. तीही काढत नाही. पोराला हे चालायच्या आधी शिकवतात.

तिथली डॉक्टरीणबाई आमच्यातलीच, पण तोंडाची सरळ. रक्त तपासून झाल्यावर म्हणाली, "मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती रक्तातून हुकूम सोडते, हार्मोन बनव. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्या बनवतात. पुरेसं झालं की वरची गप्प बसते. हिच्या खालच्या दोन्ही सुकल्यात. वरची ओरडतेय, ओरडतेय, कुणी ओ देत नाही. त्या ओरडण्यानंच कातडी काळी पडते."

मला पटकन कळलं. सून घरात नाही आणि सासू अंगणातून हाका मारत सुटलीय.

"आणि मीठ?" लोसालिनेनं विचारलं.

"मीठ धरून ठेवा, हा मूत्रपिंडांना निरोपही त्या दोघींचाच. तो गेला नाही की मीठ लघवीवाटे जातं आणि रक्तदाब पडतो. तू ते खारं पाणी पीत होतीस ना, त्यावरच इतके दिवस तगलीस."

इतके दिवस ज्या वाटीवरून हिनं टोमणे खाल्ले ना, त्याच वाटीनं हिला जगवलं होतं. मला हसू नाही आलं, संतापच आला.

गोळ्या मिळाल्या, रोजच्या, जन्मभराच्या. मग डॉक्टरीणबाईनं मला जवळ बसवलं. "तुला-मला ताप आला, लागलं, भीती वाटली, की शरीर त्या हार्मोनचं माप आपोआप वाढवतं. हिचं वाढणार नाही. म्हणून तापात गोळी दुप्पट. उलट्या लागून गोळी पोटात टिकेना, तर ही सुई मांडीत. वाट बघत बसायचं नाही, बाई मरेल." कुपी दाबून आतली पूड पाण्यात कशी मिसळायची, औषध हलवून सुईत कसं ओढायचं, सगळं मला करून दाखवलं. मग म्हणाली, "घरात आणखी कोण असतं? भाऊ ना? बोलवा आत, तोही शिकेल."

आम्ही दोघी हसलो. भाऊ आणि मांडी, काय बोलते ही. लिसिआते बाहेर आंब्याखाली उभा होता, आणि उभाच राहिला.

गोळ्यांनी महिन्याभरात लोसालिनेचा पट्टा पुन्हा पुढे गेला. आळशी म्हणणाऱ्या गप्प झाल्या, पण माफी कुणी मागितली नाही.

मग तो दिवस आला. ऑकलंडहून नातेवाईक चटया न्यायला यायचे होते, त्यांचा मेळावा नेइआफूत होता, म्हणून गावातल्या हातीपायी धड बायका सगळ्या पहाटेच्या होडीनं तिकडे गेलो, गावची नर्सही. लोसालिनेचं पोट जरा बिघडलं होतं, ती मागे राहिली. जवळ आत्याबाई. मेळावा ऐन भरात असताना लिसिआतेचा फोन. शिंपल्यांचं खाणं बाधलं, सकाळपासून ओकतेय, गोळी पडून गेली, आता हाकेला ओ देत नाही.

"पिवळ्या डब्यात सुई आहे," मी म्हणाले. "आत्याबाईंना दे."

"दिली. त्यांना कुपी दिसत नाही. मोतीबिंदू आहे, हात थरथरतोय."

"मग तू दे."

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता. 

"लिसिआते, कुठे आहेस तू?"

"दारात."

"आत जा."

"कुणा बाईला बोलावतो."

"कुठली बाई? सगळ्या इथे माझ्या बाजूला उभ्या आहेत. आणि पुरुष म्हणशील तर गावातला प्रत्येक जण तिचा चुलत नाहीतर मावसभाऊच, त्यालाही हीच बंदी. आत जा."

"आत्याबाई नको म्हणतात."

मी म्हणाले, फोन दे त्यांना. आजूबाजूच्या बायका चटया गुंडाळायच्या थांबल्या. सुनेनं बापाच्या बहिणीशी कसं बोलायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. खाली बसून, खालच्या आवाजात. मी उभ्यानंच बोलले.

"आत्याबाई, तुम्ही तिला आळशी म्हणालात तेव्हा मी ऐकून घेतलं. आज ऐकणार नाही. तुमच्या अंगात त्या ग्रंथी धडधाकट आहेत, म्हणून तुम्ही तिथे उभ्या राहून नाही म्हणू शकता. तिच्यात नाहीत. हा दारात उभा राहील तितकी ती मरत जाईल. ती गेली तर मयताला सगळ्यात पुढे तुम्हालाच बसायचंय, आणि मी तुमच्या समोर बसून गावाला सांगेन की सुई घरात होती."

 मग त्या माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलल्या. "ये आत." नंतर कळलं, त्यांनी आपली चटई, आम्ही मान म्हणून कमरेला गुंडाळतो ती, सोडून लोसालिनेच्या तोंडावर आणि अंगावर पांघरली, टीचभर मांडी उघडी ठेवली. मी सांगत गेले, तो करत गेला. रडत होता, ऐकू येत होतं. कुपी दाब. हलव. ओढ. घुसव. थांबू नकोस.

आमची होडी धक्क्याला लागली तेव्हा लोसालिने डोळे उघडून पाणी मागत होती.

ती हिंडू-फिरू लागल्यावर लिसिआते फाटकी चटई कमरेला बांधून, कावाच्या झाडाचं मूळ, माफी मागायला आणतात ते, घेऊन तिच्या दाराबाहेर जमिनीवर येऊन बसला. गुन्हेगार बसतो तसा, मान खाली. मागे सगळं गाव, आत्याबाईसुद्धा. म्हणाला, "मी तुझ्या खोलीत आलो. मला माफ कर."

गावानं माना डोलावल्या. शोभेसं बोलला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी बोलायच्या आत लोसालिने दारात आली. भिंत न धरता.

"आत आलास त्याची माफी मागतोस?" ती म्हणाली. "बाहेर उभा राहिलास त्याची माग."

 त्यानं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीकडे सरळ बघितलं.

"बाहेर उभा राहिलो," तो म्हणाला. "मला माफ कर."

"केलं. आणि उद्या वहिनीकडून नीट शिकून घे," ती सगळ्या गावासमोर, आत्याबाईंसमोर, सख्ख्या भावाला म्हणाली. "माझी मांडी अजून दुखतेय."