ट्रक गार असतानाच बघायचा

बाबांचा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबणं शक्यच नाही. आमच्या म्हाताऱ्या ऑटोमॅटिक ट्रकला क्लचच नाही म्हणून त्यांचं चालवणं टिकलेलं, तो गेला की संपलं, एवढं साधं. आणि तोच ट्रक दोन महिने रोज सकाळी रुसायला लागलेला. गिअरचा दांडा पुढे टाकला तरी हलायचा नाही, मग धाडकन उडी मारायचा, दुसरा गिअर पडेपर्यंत इंजिन नुसतं बोंबलत राहायचं. अर्ध्या तासाने गरम झाला की एकदम शहाणं बाळ! तीन गॅरेजवाले म्हणाले, आत्ता तर ठीक चालतोय, पण जुना आहे, गिअरबॉक्स गेला असणार, विकून टाका. तिसऱ्याकडून आल्यावर बाबा जेवलेच नाहीत.

मग आईने गिअरबॉक्सवाल्या मावशींना फोन लावला. नात्यातल्या नाहीत, पण सगळं जग त्यांना मावशीच म्हणतं. बस डेपोत सव्वीस वर्षं नुसते गिअरबॉक्स उघडले, आता रिटायर. उजव्या करंगळीचं टोक नाही. कुणी विचारलं की म्हणतात, "एका बसकडे ठेवायला दिलंय."

फोनवर एवढंच बोलल्या, "इकडे आणू नका, येता येता गरम होईल. मीच येते. तोपर्यंत कुणी किल्ली लावायची नाही."

सकाळी सहाला आल्या, बॉनेटवर तळवा ठेवला आणि वळल्या.

"दादा, कधी चालू केलात?"

"मी? छे हो."

"दादा..."

"पाचच मिनिटं. म्हणजे, दहा," बाबा पुटपुटले. "म्हटलं तुमच्यासमोर तमाशा नको."

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसा ट्रक आवरला यांनी!"

"पेशंटला पावडर लावून डॉक्टरसमोर बसवलंत की हो," मावशी म्हणाल्या आणि खरंच स्कूटरला किक मारून परत गेल्या! मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक दगडासारखा गार. मावशी चढल्या, ब्रेक दाबून धरला, दांडा पुढे टाकला आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार आणि मग धाडकन! त्या हळूच म्हणाल्या, "मेलेला नाहीये हा. मेलेला असा ओरडत नाही."

मग दांडा पार्किंगला टाकून इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरल्या आणि गिअरबॉक्सचं तेल मोजायची कांडी ओढली.

बाबा ओरडले, "अहो, आधी बंद करा! तेल बंद करूनच बघतात, तीस वर्षं मी..."

"इंजिनचं तसं बघतात. याचं चालू ठेवून बघायचं. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं आणि कांडी भरलेली दिसते. भरलेली दिसली म्हणून तुम्ही खूश, आणि हा बिचारा उपाशी."

कांडीचं नुसतं टोक ओलं होतं! तेल कमी, त्यात गार असताना ते आकसतं, पंप हवाच ओढतो. गरम झालं की फुगतं, मग कसंबसं भागतं. बस, एवढंच होतं! त्यांनी तेल बोटांत चोळलं, वास घेतला. "लाल आहे, जळकट वास नाही. वाचलात."

आणि या वयात पुठ्ठा टाकून ट्रकखाली शिरल्या. एका पाइपच्या जोडावर धूळ ओली होऊन चिकटलेली, तिथूनच थेंब थेंब जात होतं. वॉशर बदलला. मग नरसाळ्याने थोडं तेल, बाबांकडून एक चक्कर, परत कांडी, परत थोडं. एकदम का नाही ओतत, मी विचारलं. "जास्त झालं तर फेस होतो गं. तुझ्या बडबडीसारखा."

तरी झालं म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या सकाळी पुन्हा हजर, कारण गार असतानाच खरं कळणार. बाबा चढले. दांडा पुढे टाकला मात्र, ट्रक लोण्यासारखा निघाला. ना धक्का, ना बोंब. फाटकातून बाहेर, कोपऱ्यावर दुसरा गिअर इतका अलगद पडला की मावशींनीच "आहाहा" केलं.

बाबा वळून परत येतील म्हणून आम्ही थांबलो. आलेच नाहीत. सरळ कामावर गेले, मावशींची हत्यारांची पिशवी तशीच सीटवर घेऊन!

आई फोन काढायला लागली. मावशींनी तिचा हात धरला. "अगं, चालवू दे त्यांना."