पट्टीखालचा उजेड

वस्तू हातात आली की आधी तिच्यातली खोट शोधायची, ही सवय मला तळेगावजवळच्या नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात लागली. लावली ती सरांनी. मी तेव्हा कंत्राटावर पॅकिंगला होते आणि सर क्वालिटीचे प्रमुख. एकदा खोक्यात माल भरताना मी एक पार्ट बाजूला काढून ठेवला, कारण तो मला वाकडा वाटला. लाइनवरचे सगळे हसले. सर मात्र तो पार्ट घेऊन आत गेले, मोजून आले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला तपासणीच्या खोलीत बसवलं.

"कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "माझ्यासुद्धा नाही. आधी पट्टी लावायची, मग बोलायचं."

गोल्फही त्यांच्यामुळेच आलं. कंपनीत परदेशी साहेब यायचे आणि त्यांना लोणावळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गोल्फच्या मैदानावर फिरवून आणायचं काम सरांकडे असायचं. एका वर्षी कंपनीची सहल तिकडे गेली. सगळ्यांना गंमत म्हणून एकेक फटका मारायला दिला. माझा चेंडू नीट बसला. हातांना काही जाणवलंच नाही, नुसता एक कोरडा आवाज आला आणि चेंडू दरीच्या दिशेनं उंच निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो आवाज माझ्या कानात होता. पुढे मी जुन्या काठ्यांचा एक संच मिळवला आणि सुट्टीच्या दिवशी पवनानगरच्या वाटेवर जायला लागले. तिथे पर्यटकांना मुक्कामाला तंबू देणाऱ्या एका तंबूवाल्यानं पाहुण्यांसाठी धरणाच्या काठाला जाळी लावून सरावाची जागा केली होती. नवरा म्हणाला, "बरंय, निदान टीव्हीवरच्या मालिका तरी सुटतील."

काही वर्षांनी सरांनी नोकरी सोडली आणि कारखान्यांच्या मागच्या बाजूला एक शेड घेऊन गोल्फच्या सरावाची साधनं बनवायला सुरुवात केली. मला बोलावून म्हणाले, "मी बनवतो, तू वापर. जे वाटेल ते तोंडावर सांग. मला गोड बोलणारा माणूस नकोय."

मला फार बरं वाटलं. तपासणीच्या खोलीतले आमचे जुने दिवस परत आल्यासारखे झाले.

पहिल्यांदा त्यांनी मनगटाला बांधायचा पट्टा दिला. मनगट चुकीचं वळलं की तो 'टक' असा वाजायचा. मी तो बांधून पोळ्या लाटल्या, तेव्हाही तो वाजला. लोकलमध्ये वरची कडी धरली तरी वाजला. मी सरांना सांगितलं की हा पट्टा कशालाही वाजतो, त्याला गोल्फमधलं काही कळत नाही. ते खूप हसले आणि त्यांनी तो नव्यानं केला. मग एक लवचीक जड काठी आली, ती खरोखर चांगली होती. मग काठीच्या मुठीवर लावायचं एक यंत्र आलं, जे मोबाइलवर फटक्याचे गुण दाखवायचं. त्याच्यावर मी सुरुवातीपासूनच डूख धरून होते. एकदा मी मुद्दाम डोळे मिटून वेडेवाकडे फटके मारले, तरी त्यानं मला 'उत्तम प्रगती' असं सांगितलं. सरांनी ते यंत्र बाहेरून मागवलं होतं. माझं ऐकून त्यांनी ते लगेच परत पाठवून दिलं. त्यामुळे सरांवरचा माझा विश्वास आणखीच पक्का झाला.

मग आली ती हिरवी सतरंजी.

गोल्फमध्ये लांबचे फटके संपले की शेवटी गवताच्या गुळगुळीत भागावर येऊन चेंडू हळूच भोकात ढकलायचा असतो. त्याला पटिंग म्हणतात. बघायला अगदी सोपं असतं आणि भली भली माणसं तिथेच रडकुंडीला येतात. मीही त्यातलीच. घरात त्याचा सराव व्हावा म्हणून सरांनी एक लांबट, खोट्या गवताची, खाली जाड फोम असलेली सतरंजी केली होती. तिच्या टोकाला भोक होतं. बेगडेवाडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत ती कशीबशी मावली.

पहिल्या दिवशी बहुतेक चेंडू आत गेले. आठवड्यानंतर तर चुकणं जवळजवळ बंदच झालं. कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी मी दोनचार चेंडू ढकलायची. तो आत पडल्याचा आवाज ऐकला की दिवसभराचा शीण उतरायचा. मी सरांना फोन करून सांगितलं, "सर, ही तुमची सगळ्यात भारी वस्तू." ते म्हणाले, "मला माहीत होतं तुला आवडणार."

मैदानावर मात्र उलटंच चाललं होतं. सरांच्या ओळखीनं मी अधूनमधून लोणावळ्याच्या मैदानावर खेळायची, तिथल्या खऱ्या गवतावर माझे चेंडू भोकाच्या डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं निघून जायचे. आधी निदान जवळ तरी जायचे. मी गवताला दोष दिला, वाऱ्याला दिला. डोळ्यांचा नंबर वाढला असेल म्हणून तळेगावला जाऊन डोळे तपासून घेतले, तर नंबर होता तेवढाच होता. माझ्या मनात आपल्या काठीबद्दल शंका आली, चेंडूंबद्दल आली, स्वतःच्या वयाबद्दलसुद्धा आली. सतरंजीबद्दल मात्र आली नाही. ती सरांनी केली होती ना.

एका दुपारी मी भाकऱ्या करत होते आणि पुढच्या खोलीतून सारखा टुपटुप आवाज येत होता. जाऊन पाहिलं, तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझी काठी झाडूसारखी एका हातात धरून चेंडू ढकलत होत्या. त्यांचं लक्ष अर्धं खिडकीबाहेर होतं. चेंडू वाकडा निघाला, काठाकडे गेला, मग जरा वळला आणि बरोबर भोकात पडला. दुसराही पडला.

"ह्यो कसला गं खेळ?" त्या म्हणाल्या. "कसाबी ढकल, जातोय आपला भोकात. ह्येच्यासाठी तू येवढ्या लांब लोनावळ्याला जातीस व्हय?"

मी पिठाच्या हातांनीच चेंडू उचलून त्यांच्यापुढे ठेवला. मी त्यांना म्हटलं, "आत्या, परत एकदा मारा. अगदी वाकडा मारा."

"आता काय केलं मी?" त्या घाबरल्याच. तरी त्यांनी मारला. चेंडू वळून मधे आला आणि आत गेला.

मी पर्समधली स्टीलची पट्टी काढली. कामामुळे ती कायम माझ्याजवळ असते. सतरंजीवर ती आडवी ठेवली, गवत दाबून धरलं, एका बाजूनं मोबाइलचा दिवा लावला आणि दुसऱ्या बाजूला जमिनीला गाल टेकवून पाहिलं. पट्टी दोन्ही काठांना टेकली होती आणि मधे तिच्याखालून उजेड येत होता. पुढे सरकवली, तरी उजेड तसाच. सुरुवातीपासून भोकापर्यंत सतरंजी मधून खोलगट होती. नुसत्या डोळ्यांना कळणार नाही इतकीच.

"काय हाय त्यात?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. पट्टी पुसून परत पर्समध्ये ठेवली.

मी स्वतःची समजूत घातली की फोम बसला असेल, रोज वापरून दबला असेल. पण दबलेला फोम जिथे उभं राहतो तिथे दबतो, असा सरळ रेषेत आणि सारखा दबत नाही. मग वाटलं, साच्यातच चूक असेल आणि सरांच्या लक्षात आली नसेल. पण सरांच्या लक्षात आली नसेल, हे वाक्य माझ्या मनात टिकतच नव्हतं. केसाएवढा फरक ते बोट फिरवून सांगायचे.

दोन दिवस मी गप्प राहिले आणि मग कामावरून सुटल्यावर थेट त्यांच्या शेडवर गेले. सर बाहेर गेले होते, येतीलच म्हणून कामावरच्या माणसानं मला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे खिडकीखाली तशीच हिरवी सतरंजी पसरलेली होती आणि भिंतीला त्यांची काठी टेकवलेली. सर स्वतः रोज सराव करायचे, हे मला माहीत होतं. मी उठले आणि एक चेंडू जरा तिरका ढकलला. तो तिरकाच गेला आणि भिंतीवर जाऊन आपटला. पुन्हा ढकलला, पुन्हा भिंत. मग मी पट्टी आडवी ठेवली, मोबाइलचा दिवा लावला आणि खाली वाकले. पट्टीखाली काळोख होता. त्यांची सतरंजी सपाट होती.

मी तशीच गुडघ्यांवर असताना सर दारात आले. त्यांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

"सर, तुमची सपाट आहे."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तू पहिल्याच आठवड्यात येशील."

"म्हणजे मुद्दाम केलंय?"

"ऐक. नवा माणूस सपाट सतरंजीवर चार दिवस हरतो आणि गुंडाळून पलंगाखाली टाकतो. ह्या सतरंजीवर तो जिंकतो, म्हणून रोज खेळतो. रोज खेळला की हात बसतो. ह्यात फसवणूक कुठंय?"

"मग तसं लिहा ना वर. मधे खोलगट आहे म्हणून लिहा."

"तसं लिहिलं तर कोण घेईल?"

"मग फसवणूक तिथंय."

त्यांचा चेहरा कठीण झाला. मी त्यांना असं उलट कधी बोलले नव्हते. मला विचारायचं होतं की मला का दिली? तिच्यातली खोट मला पकडता येते का हे बघायला, की मी आंधळेपणानं चांगली म्हणावी म्हणून? मी विचारलं. ते म्हणाले, "बघायला." पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या कागदावर पेन सरळ करत राहिले. चहा न घेता मी निघाले. स्टेशनपर्यंतच्या रिक्षात माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारची बाई मला विचारत होती, "घरचं काही झालंय का?"

पुढे काही महिने आमचं बोलणं बंद होतं. सतरंज्या मात्र विकल्या जात होत्या. पवनानगरच्या सरावाच्या जागी एक डॉक्टरबाई येऊ लागल्या होत्या, नुकत्याच शिकत होत्या. एकदा त्या अगदी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "घरी त्या हिरव्या सतरंजीवर माझा एकही चुकत नाही हो. इथे आले की हातच कापतात. माझ्यात आत्मविश्वासच नाही."

मला गप्प बसवेना. मी त्यांना म्हटलं, "घरी गेल्यावर चेंडू हातानं सतरंजीच्या काठावरून सोडून बघा."

पुढच्या वेळी त्या भेटल्या तेव्हा माझ्याशी बोलल्याच नाहीत. निघताना गाडीजवळ थांबून मला म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही सांगायला नको होतं. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट माझ्या मनासारखी होत होती."

 त्यांचाही राग बरोबर होता, असं मला अजून वाटतं.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "डॉक्टरबाईंना तू सांगितलंस?"

"हो."

"त्यांनी परत पाठवली." मागे शेडमधल्या मशीनचा आवाज येत होता. "ठीक आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता त्यांच्याकडे दोन प्रकारच्या सतरंज्या मिळतात. एकीवर लिहिलेलं असतं, 'नवशिक्यांसाठी, मधे उतार दिलेला'. दुसरी सपाट. हे मला तंबूवाल्यानं सांगितलं. मी जाऊन दोन्हींना पट्टी लावून पाहिली. लिहिलंय तसंच होतं. सरांना पटलं म्हणून त्यांनी हे केलं, की माल परत यायला लागला म्हणून, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तरी त्यांच्या उत्तरावर मी विश्वास ठेवीन की नाही, कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला लोणावळ्याला खेळायला बोलावलं. धुकं विरायची वाट बघत आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहिलो, कारखान्यातल्या जुन्या माणसांबद्दल बोललो, सतरंजीचं नाव कुणी काढलं नाही. खेळ चांगला झाला. सर अजूनही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळतात. शेवटच्या भोकाजवळ त्यांचा चेंडू इतका जवळ येऊन थांबला होता की एवढ्या अंतरावरून चुकलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ढकलला आणि तो काठाला लागून बाहेर गेला.

"चुकला," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

आम्ही काठ्या उचलल्या आणि गाडीकडे निघालो. ऊन चांगलंच वर आलं होतं. ते पुढे चालत होते, खांदे थोडे वाकलेले, आणि मी मागून त्यांच्या मनगटांकडे बघत होते. तो फटका खरंच चुकला होता, की माझ्या समोर चुकावा म्हणून चुकवला होता, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.