पहिल्या नगाचा नारळ

नागापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ वैमानिकांच्या लष्करी विमानाचा, भाग जागेवर धरून ठेवणारा एक ब्रॅकेट बनायचा. विमान आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्याची प्रगती घरबसल्या कळायची. पहिल्या प्रकाराला पोलादी ब्रॅकेट लागला. मग मोठं इंजिन बसवलेला दुसरा प्रकार आला, तसा आमचा ब्रॅकेटही अंगानं भरला. तिसऱ्या प्रकारावर बॉम्ब टाकायला शिकवणार होते, म्हणून बाकीचं वजन घटवायला ब्रॅकेट पातळ ॲल्युमिनियमचा झाला. त्याचा पहिला नग पास झाला तरच वर्कशॉप चालणार होतं; दुसरं काम उरलंच नव्हतं.

तपासनीस साहेबांनी नगावरून बोट फिरवलं. "काका, ही कड कशानं वाकली?"

लेथ चालवणारे आमचे म्हातारे टर्नर छाती फुगवून म्हणाले, "नारळ फोडला सायेब. पैल्या नगावर फोडतोच आमी. आधीच्या दोन्ही विमानांना फोडल्ता."

"याच्यावरच फोडला?"

"मंग काय तुमच्या डोक्यावर फोडू?"

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आम्हीही पोट धरून हसलो. हसता हसताच त्यांनी नगावर नापासाचा लाल रंग फासला, आणि काम दुसऱ्या कारखान्याला गेलं.

दसऱ्याआधी लेथ विकला गेला. तरी खंडेनवमीला काका पूजेचं ताट घेऊन हजर! लेथच्या जागी जमिनीत उरलेल्या चार बोल्टांना त्यांनी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"नारळ नाही फोडायचा?" मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "फरशी दुसऱ्याची हाय आता."