झाकणावरचं नाव

तिनं चूळ भरली.

त्याआधी तिनं भाजी खाल्ली होती. भरली वांगी आणि ज्वारीची भाकर. दोनदा वाढून घेतली. "भल्ली चव आहे वो पोरी तुह्या हाताले," असंही म्हणाली. मग डबा बंद करून मला परत द्यायला म्हणून झाकण उचललं. झाकणावर माझं नाव कोरलेलं होतं. नाव, आडनाव, खाली गाव, सौंसर. तिचं बोट आडनावावर थांबलं. ती उठली, बेसिनपाशी गेली आणि चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. पांढुर्ण्यातल्या त्या थंडगार बैठकीत सोफ्याच्या कडेला बसून मी तो आवाज ऐकत होते.

आम्ही सौंसरचे. बौद्ध. आई बोरगावजवळच्या एका बागेत संत्री तोडायला जाते, आणि ती बाग याच बाईची. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी नर्स होऊन आयर्लंडला गेले, पाच वर्षं डब्लिनमध्ये आजाऱ्यांची सेवा केली. आता तिथं स्वतःचा डब्याचा धंदा करायची परवानगी मिळाली होती. नोकर नाही, भागीदार नाही. रांधणार मीच, पोचवणार मीच. तिथल्या सरकारी खात्याची बाई माझं स्वयंपाकघर तपासून गेली. फ्रीज किती थंड ते पाहिलं, माझी नखं पाहिली. माझा आजा काय करायचा ते काही तिनं विचारलं नाही.

नोकरी मी सोडून बसले होते. तिथल्या मराठी मंडळाच्या तीस घरांवर माझी सगळी भिस्त होती. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे या बाईचा मुलगा. मला तो नुसत्या नावानं ओळखायचा. आडनाव कधी निघालंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीच ते निघू दिलं नव्हतं. "गावाकडं जाऊन राहिल्या, तर आमच्या आईले एक डबा खाऊ घाला. आई हो म्हणाली की मंडळ हो म्हणते," असं तो फोनवर हसत म्हणाला होता. मीही हसले होते. काय बावळट होते मी! आडनाव कोरलेलाच डबा घेऊन गेले.

बाई पदरानं तोंड पुसत परत येऊन बसली.

"तुही रोजी मी काहून मारू? खुशाल कर धंदा. फक्त हे नाव घासून टाक. नुसतं ‘घरगुती’ लिही. माहीत नसलं म्हणजे खातेत लोक."

आवाज जराही चढला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

"तुही माय बोरगावच्या बागेत येते ना? आडनावाखाली सौंसर वाचलं अन् ध्यानात आलं. तिले सांगजो, बाईनं विचारलं म्हणून."

माझ्या तोंडातून निघालं, "बरं."

त्या ‘बरं’ची मला आजही लाज वाटते.

बसनं सौंसरला आले ती थेट भांड्यांच्या दुकानात. आठवड्याआधी तिथूनच चाळीस डबे घेतले होते. आमच्याकडं भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून घेतात. आई स्वतः मशीनपाशी उभी राहिली होती, चाळीसही झाकणं होईपर्यंत. मी दुकानदाराला डब्याचं झाकण दिलं आणि नाव घासून द्यायला सांगितलं.

"घासून देतो ताई, पण डाग राहीन," तो म्हणाला.

चाक फिरलं. माझं नाव गेलं आणि त्या जागी पांढुरका चट्टा उरला. बाकीची झाकणं उद्या आणते म्हणाले.

आई बागेतून आली. तिला वाचता येत नाही. पण रोज कामावरून आली की ती एखादं झाकण हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवायची. त्या दिवशी नेमकं तेच झाकण तिच्या हातात आलं.

"कोनं खरवडलं?"

मी सगळं सांगितलं. चूळ भरल्याचंही सांगितलं. आईनं झाकण मांडीवर ठेवलं.

"तीस वर्सं झाले, तिच्या घरची संत्री म्या तोडून राहिली," ती म्हणाली. "त्याचा रस पेते ना ते? तवा नाही भरत चूळ?"

"आई, तुझं काम जाईल."

"जाऊ दे. तुले नाव लिहाले शिकवलं, घासाले नाही."

मला रडू आलं. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

सकाळी बागेच्या मुकादमाचा आईला फोन आला. "पोरीनं डब्यावरलं नाव घासलं का? घासलं म्हणजे ये. तवरक येऊ नोको." तासाभरानं डब्लिनहून बाईच्या मुलाचा निरोप आला. ‘आईशी बोलणं झालं. तुम्ही इथे एकट्या राहता. समजून वागा. इथेही आपलेच लोक आहेत.’ मी तो तीनदा वाचला. त्यात एकही शिवी नव्हती. तिथलं माझं घर त्याला माहीत आहे, हे मला तिसऱ्यांदा वाचताना आठवलं.

मी चाळीसही डबे दुकानात नेले. आई सोबत होती. दुकानदाराला म्हटलं, झाकणावर आहे तसं डब्यावरही टाका, मोठ्या अक्षरात. खाली माझ्या आईचं नाव टाका. आणि हे घासलेलं झाकण पुन्हा कोरा.

"इथं सुई घसरून राहिली," तो म्हणाला.

"घसरू द्या."

चट्ट्यावर नाव वेडंवाकडं उमटलं, पण वाचता येतं. त्याच झाकणाचा फोटो मी अध्यक्षाला पाठवला. खाली लिहिलं, ‘डबा सुरू होत आहे. आधी झाकण वाचा. पटलं तर उघडा.’ त्यानं वाचलं. उत्तर आलं नाही.

आईचं काम गेलं. परवा माझं विमान आहे. तिकडं दाराशी गिऱ्हाईक येईल की आणखी कोणी, मला माहीत नाही. भीती वाटते. नाही म्हणणार नाही. पण त्या बैठकीत दिलेलं ‘बरं’ मी परत घेतलं आहे, आणि आता त्यांना दुसरं मिळणार नाही.