तुआनच्या आईला केलेला नमस्कार

तुआन गेल्याचं त्याच्या बायकोनं, लाननं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आईचं पत्र आलं होतं का?" माणूस गेल्यावर कुणी असं विचारतं का... पण वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. पाच आठवडे झाले, अजून लाज वाटते.

इथे अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या ऑफिसात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर मोटारीच्या दारांची ड्रॉइंग्ज काढायचो. पेन्सिलीला तो इतकं टोक करायचा की मला त्याच्या बोटांची काळजी वाटायची. मला कशाचीही काळजी वाटते, ते सोडा. दुपारी माझ्या डब्यातलं लोणचं हक्कानं घ्यायचा आणि व्हिएतनाममधल्या आपल्या समुद्रकाठच्या गावाबद्दल, न्हा ट्रांगबद्दल बोलायचा. युद्धानंतर तो होडीतून देशाबाहेर निसटला, आई मागे राहिली. तिची पत्रं वर्षाला दोन-तीन.

माझा आणि नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीयच, त्यामुळे अमेरिकनांना न मिळणारा तिकडचा व्हिसा आम्हाला मिळण्यासारखा होता. भाचीच्या लग्नाला मुंबईला जाताना वाटेत व्हिएतनाम करता येईल, असं मी सहज बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यानं गावाचा नकाशाच काढून आणला. पहाटेचा किनारा, पुलाखालच्या निळ्या होड्या, टेकडीवरचा पांढरा बुद्ध आणि जुन्या काळच्या हिंदू चाम राजांची विटांची देवळं, आत दहा हातांची देवी. "तुम्ही हिंदू. देवळात गेलात तर कुणाला नवल वाटणार नाही," तो म्हणाला. देवळाच्या पायऱ्यांशी त्याची आई उदबत्त्या विकायची. "उदबत्ती घ्या, तिला नीट बघा आणि या. ओळख मात्र दाखवू नका. पळून गेलेल्याच्या आईला परदेशी माणूस भेटलं की तिची चौकशी होते."

सगळं बघितलं, पण समुद्र कसा होता ते मला अरुणच्या, म्हणजे नवऱ्याच्या, फोटोंतूनच कळलं. माझं लक्ष सारखं सरकारी गाईडकडे. पायऱ्यांशी म्हातारी दिसली, तुआनसारखेच कान पुढे आलेले. तिनं उदबत्तीचा पुडा दिला. देवळाची पायरी, समोर मित्राची आई... मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. कळेपर्यंत होऊन गेलं होतं. तिचा हात क्षणभर माझ्या डोक्यावर टेकला.

"अगं ऊठ, गाईड बघतोय," अरुण पुटपुटला. गाईडनं वहीत काहीतरी लिहिलं.

"तुआनला हे सांगू नकोस, यार. उगाच टेन्शन घेईल," अरुण विमानात म्हणाला. मी तुआनला एवढंच सांगितलं, आई ठणठणीत आहे. त्यानंतर तिचं पत्र आलंच नाही. रोज सकाळी तो पत्र नाही म्हणून नुसती मान हलवायचा आणि मी ड्रॉइंगमध्ये डोकं खुपसायचे. एकदा त्यानं विचारलंच, "तिकडे काही झालं नाही ना?" मी म्हटलं, "काही नाही." त्याचं हृदय माझ्या खोटेपणानं बंद पडलं नाही, हे मला समजतं. तरी अपराधी वाटायचं ते वाटतंच.

परवा लाननं घरी बोलावलं. पत्र आलं होतं, पॅरिसमधल्या कुणा नातेवाइकाच्या हातून, महिनोन्‌महिने हिंडत. ती एकेक ओळ मला इंग्रजीत सांगत गेली. चौकशी झाली होती, दोनदा. म्हातारीनं सांगितलं, परकी बाई, त्यांच्यात वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. मग प्रकरण निवेपर्यंत तिनं पत्र लिहायचं टाळलं. पुढे लिहिलं होतं, "ती वाकली तेव्हाच कळलं, तिला तू पाठवलंस. म्हणजे आता तूही येशील. मी रोज पायऱ्यांवरच बसते, चुकामूक नको."

लाननं पत्राची घडी घातली आणि कोरा कागद पुढे ओढला. "तो गेल्याचं तिला अजून माहीत नाही. ती तुम्हाला भेटलीय," लान म्हणाली. "काय लिहू, तुम्ही सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही.