पुनःप्रसारण वगळून

माझं काम कुणाला सांगायला गेलं की पंचाईत होते. हिंगोलीत घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी टीव्ही-रेडिओच्या कार्यक्रमांच्या याद्या बनवते. प्रसारण करणारी केंद्रं रोज एक फाइल पाठवतात, तिला आम्ही फीड म्हणतो. त्यात कार्यक्रमाचं नाव, सुरू व्हायची वेळ, किती मिनिटांचा, नवा की पुन्हा लावलेला, असं सगळं असतं. ते उचलायचं आणि माणसाला कळेल असं मांडायचं, एवढंच. माझ्या घरमालकिणीला अजून वाटतं की मी केबलवाल्याकडे नोकरीला आहे. तिचा बॉक्स अडला की ती मला हाक मारते. मी जाते, बॉक्स बंद करते, परत चालू करते. तिच्या लेखी माझ्या शिक्षणाचं सोनं होतं.

बाबा हट्ट्याला राहायचे, एकटे. ग्रामपंचायतीत शिपाई होते आणि नोकरीभर त्यांनी दवंडी दिली. नळपट्टी भरा, लेकरांना डोस पाजा, उद्या ग्रामसभा आहे. गळ्यात डफडं अडकवून ते पाच ठिकाणी उभे राहायचे: वेशीपाशी, मारुतीच्या पारापाशी, मशिदीपाशी, बाजारात आणि शेवटी आमच्या विहारापाशी. पाचही ठिकाणी दवंडी आखीच्या आखी. वेशीपाशी नीट सांगून झालंय म्हणून पारापाशी दोन शब्द कमी, असं त्यांनी एकदाही केलं नाही. लहानपणी मी त्यांच्या मागून फिरायची तेव्हा तेच तेच ऐकून कंटाळायची आणि तिसऱ्या जागेपासून घरी पळायची.

त्यांचे डोळे काचबिंदूने गेले. थेंब घालायचे असत, ते संपले की महिना-महिना आणायचे नाहीत. दुखत नव्हतं ना. आणि आपल्याकडे जे दुखत नाही तो आजार नसतो. मी तेव्हा पुण्यात होते, आठवड्यातून दोनदा फोन करायची आणि जेवलात का विचारायची. डोळ्यांचं कधी विचारलं नाही. एकदा मी दिवाळीला आले तर बाबा दारातली पायरी पायाने चाचपत होते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही. मी पुणं सोडून हिंगोलीला खोली घेतली, दर रविवारी एसटीने हट्ट्याला जायला लागले, आणि मोठा त्याग केल्यासारखं तोंड करून हिंडले. बाबा मात्र हट्टा सोडायला तयार नव्हते. म्हणायचे, या गावात मला कुठं काय हाय ते पायाला ठावं हाय.

मी त्यांना बोलणारा फोन शिकवला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज असतो त्यात. बाबांना त्यावर रेडिओ ऐकायचा होता, आणि कोणत्या वेळी काय लागणार हे आधी कळायला हवं होतं. चोवीस तास नुसतं चालू ठेवणं त्यांना सहन व्हायचं नाही, डोकं चढायचं. तेव्हा मी आमच्याच कंपनीचं यादीचं पान त्यांना लावून दिलं. डोळसांना ते मोठं देखणं दिसायचं, चौकटीच चौकटी. आवाज मात्र वाचायला लागला: ओळ तीन, रकाना चार, रिकामं. ओळ तीन, रकाना पाच, रिकामं.

बाबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही बाई रकानेच मोजून राहिली. कारेक्रम कवा सांगनार?"

मला इतका राग आला की सांगता येत नाही. ते पान बनवताना मी स्वतः दोन महिने खपले होते, आणि आंधळ्या माणसाच्या कानाला ते कसं लागेल हे मी एकदाही ऐकून पाहिलं नव्हतं. स्वतःचा बाप आंधळा असताना.

मग मी नवं पान करायला घेतलं. चौकटी नाहीत. एका वेळी एकच केंद्र. आधी वेळ, मग नाव, मग माहिती. वर "आत्ता काय चालू आहे" आणि "पुढे काय" एवढी दोनच बटणं. कंपनीलाही असं एखादं पान दाखवायला हवंच होतं, त्यामुळे कुणी अडवलं नाही. पारखायला माझ्याकडे बाबा होते. आमच्या धंद्यात रीत अशी की वापरणाऱ्या माणसाला वापरू द्यायचं, आपण गप्प बसायचं, तो काय बोलतो ते ध्वनिमुद्रित करायचं आणि नंतर ऐकायचं. मी ध्वनिमुद्रण करायची. गप्प बसणं जमायचं नाही.

एक अडचण उरली. यादी लांब होती. डोळा वरून खाली उडी मारतो, कानाला उडी मारता येत नाही. एका केंद्राचा एक दिवस ऐकायला बाबांना अकरा मिनिटं लागायची, आणि चहा निवून जायचा. मी फीड उघडून पाहिलं. निम्मे कार्यक्रम सकाळचेच संध्याकाळी, नाहीतर कालचेच आज दुपारी लावलेले होते. फीडमध्ये त्यांच्यापुढे पुनःप्रसारणाची खूण असते. मी एक ओळ लिहिली, की ज्याला ती खूण असेल तो यादीत घेऊ नको. अकराची पाच मिनिटं झाली. मी खूश. रविवारी बाबांना ऐकवलं.

"मधलं कुठं गेलं?" ते म्हणाले.

"पुन्हा पुन्हाचं काढून टाकलं, बाबा."

"काहून?"

"ऐकलेलंच परत ऐकून काय करायचं? यादी निम्मी झाली बघा."

बाबा म्हणाले, "वेशीपाशी जो नव्हता, त्याला पारापाशीची दवंडी पहिलीच असती, बाई."

"ही दवंडी न्हाई, बाबा," मी म्हणाले आणि हसले. त्यांनी पुढे वाद घातला नाही. शिकलेल्या लेकीशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, आणि मीच ती लावली नव्हती.

आता मायबद्दल सांगते. माय गेली तेव्हा मी सहावीत होते. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपलं. तिचा एक फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात ती रागावल्यासारखी दिसते. ती जायच्या आदल्या वर्षी रेडिओ केंद्राची माणसं हळदीच्या हंगामात हट्ट्याला आली होती. दुसऱ्याच्या मळ्यात हळद शिजवायला गेलेल्या चार बायांना त्यांनी बोलतं केलं, त्यात माय होती, आणि शेजारची काकीही. कढईतली हळद शिजली हे कसं ओळखायचं, ते तिने सांगितलं. ते रेडिओवर लागलं त्या दिवशी आमच्या घरात बाया मावत नव्हत्या. मी मायला चिकटून बसले होते. तिने तोंडावर पदर घेतला होता, एवढं आठवतं. ती रेडिओत काय बोलली, कशी बोलली, काही आठवत नाही. आणि बाबा त्या वेळी डोसाची दवंडी देत गावात फिरत होते. ते परत आले तोवर संपलं होतं. माय म्हणे म्हणाली, जाऊ द्या, मी हायच की घरात.

आपलं ते ऐकायचं राहून गेलं, हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. नवं पान चालू झाल्यावर एकदा सहज बोलल्यासारखं सांगितलं आणि म्हणाले, "तुझं त्या रेडिओवाल्यायशी बोलनं होतं ना? तुझ्या मायचं ते त्यांच्यापाशी असंल का अजून?"

आंधळा माणूस चेहरा लपवायचं विसरतो. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन केला. फीडमुळे तिथल्या एका अधिकाऱ्याशी माझी ओळख झाली होती, बरा माणूस. त्याने आठ दिवसांनी कळवलं की टेप आहे. प्रत द्यायची तर वरून मंजुरी लागते, अर्ज करून ठेवा. पण हळदीचा हंगाम आलाच आहे, जुन्या टेपा आम्ही लावतोच, ही पण लावू. तारीख आत्ता सांगता येणार नाही. यादीत येईलच, तुम्हीच तर यादी करता.

मी अर्ज पाठवला आणि बाबांना सांगितलं, रोज सकाळी यादी ऐका, हळदीचं नाव आलं की मला फोन करा. त्या दिवसापासून बाबांना दुसरं काही सुचेना. छातीचं दुखणं सुरू झालं होतं, वसमतच्या डॉक्टरने जिना चढू नका, ओझं उचलू नका सांगितलं होतं. ते सगळं त्यांनी मुकाट्याने ऐकलं, मला वाटतं पहिल्यांदाच. सकाळी उठून अंघोळ करून, टोपी घालून ते यादी ऐकायला बसत. शेजारची काकी हसायची, म्हणायची, हापिसात चालल्यावानी बसतेत.

इतक्या वर्षांनी लागणारी गोष्ट, तिला पुनःप्रसारण म्हणतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फीडवरून यादी आपोआप बनते, ते रोज उघडून मी पाहत नव्हते. केंद्राच्या लेखी मात्र ते एकदा लागून गेलेलं होतं. त्यांनी खूण केली, बराबर केली. माझ्या ओळीने ते उचलून बाहेर टाकलं, तिनेही बराबर केलं.

त्या मंगळवारी दुपारी बाबा घरात पडून होते. फोन उशाशी होता, चार्ज भरलेला. काकी मळ्यात होती. आता कढई नाही, वाफेवर चालणारे लोखंडी पिंप आलेत, पण बाया त्याच. तिथे कुणाच्या तरी फोनवर रेडिओ चालू होता. काकी संध्याकाळी हळदीच्या हातांनी तशीच बाबांकडे आली.

"भाऊ, ऐकलं का? आमीच बोललो की, चौघी. वहिनी अशी बोलली, अशी बोलली..."

बाबा उठून बसले. काकीने मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, मला वाटलं, ऐकून रडून बसले असतील, म्हनून मी लगबगीनं आले. न्हाई तर मी तोंड उघडलं नसतं.

बाबांनी विचारलं, "काय बोलली?"

"काडी टोचून पाहावी म्हनली. आरपार गेली की शिजली."

"आन?"

"वासावरून बी कळतं म्हनली. मग त्या साहेबानं इचारलं, घरी कोन कोन हाय. तर म्हनली, एक पोरगी हाय, आन मालक दवंडी देतेत, सगळ्या गावाला त्यांचा आवाज ठावं हाय."

मग बाबांनी विचारलं, "कोन्त्या आवाजात बोलली?"

काकी म्हणाली, तिच्याच आवाजात, भाऊ. दुसरं काय सांगणार ती?

लागून गेल्याचं काकीने रात्री फोनवर कळवलं, तशी मी बुधवारी पहाटेच्या गाडीने गेले. रस्ताभर मनात केंद्राला शिव्या घालत होते. हट्ट्याला उतरायच्या आधी फोनवर फीड उघडून पाहिलं, तर मंगळवार दुपार, हळद शिजवताना, हट्टा येथील महिलांशी बातचीत, असं शुद्ध मराठीत लिहिलेलं, आणि पुढे ती खूण. माझ्या शिव्या मलाच परत घ्याव्या लागल्या.

बाबांना मी सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं, असंच सांगितलं. ते म्हणाले, "व्हतं असं. चहा घे." ते ओरडले असते तर मला झोप लागली असती. पारापाशीच्या दवंडीचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. ती ओळ मी त्यांच्यासमोर बसूनच पुसली.

अधिकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, अहो लागलं की, मीच काढून दिलं होतं. तुम्ही ऐकलं नाही? मग म्हणाला, टेप फार जुनी होती, लावून झाल्यावर गुंडाळताना अडकली आणि फाटली, बुरशीने खाल्लेली होती. मंजुरी येईल, पण द्यायला काही उरलं नाही. तो दोनदा सॉरी म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता, आणि हे मला त्याला सांगावंही वाटलं नाही.

ही टेपची गोष्ट मी बाबांपासून लपवली. ते रोज सकाळी टोपी घालून यादी ऐकत राहिले, आता पुन्हा अकरा मिनिटांची. हंगाम संपला, पाऊस झाला, तरी ऐकत राहिले. एका रविवारी मी म्हणाले, बाबा, आता पुढच्या वर्षी. ते म्हणाले, जुनं कवा बी लावतेत ते, आपल्याला काय ठावं. पोळा झाल्यावर आठ दिवसांनी, सकाळीच, बसल्या जागी ते गेले. काकी म्हणाली, फोन बोलतच होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक बोलायला उभे राहिले. प्रत्येकाने त्यांच्या आवाजाचं सांगितलं, की पाराजवळ बोलले तर नदीपर्यंत जायचा. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, तुझ्यापाशी त्यांची दवंडी भरून ठेवली असंल ना, तू तर रेडिओच्याच कामात. मी मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नसेल. दवंडी कुणीच भरून ठेवली नव्हती.

हिंगोलीला आल्यावर मी माझ्या फोनमध्ये शोधलं. बाबांचा आवाज एकाच ठिकाणी निघाला. पानाच्या बाकीच्या तपासण्यांचं ध्वनिमुद्रण मी काम झाल्यावर पुसत गेले होते. राहिली ती शेवटची, त्या रविवारची, चाळीस सेकंदांची. मधलं कुठं गेलं, तिथून सुरू होते. ते काहून म्हणतात. पारापाशीचं म्हणतात, सावकाश, पाच ठिकाणी सांगून घासलेल्या आवाजात. आणि त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी हसते.

ते हसणं कापून काढणं माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. मी कापत नाही. आखंच्या आखं ऐकते.